देवमासा असा ओरडत नाही

मी मूळचा मालवणकडचा, बापाची होडी होती, आणि माझे कान तयार झाले ते त्या होडीत. काय सांगू तुम्हाला, जाळं टाकायच्या आधी बाप वल्हं पाण्यात उभं सोडायचा आणि वरचं टोक कानाला लावून बसायचा, खाली मासळी असली की वल्ह्यातून करकर ऐकू यायची. एकदा मला लावायला दिलं तर करकर नाही, लांबून काहीतरी घुमत येतंय, मग बंद, मग बऱ्याच वेळाने परत. बाप म्हणाला, गप रव, देवमासो आसा, कोणाक तरी हाक मारता. दिसला नाही तो, समुद्र सपाट. पाण्यात नजर पोचते किती हो, आवाज मात्र कोसच्या कोस जातो, त्यांचं सगळं कानावरच चालतं. हे मला सहा वर्षांचा असताना कळलं, साहेबाला बी.ए. होऊन कळलं नाही.

साहेब कोण ते सांगतो. मी मुंबईला आलो, दहिसरला चाळीत खोली घेतली आणि गोरेगावच्या एका स्टुडिओत इफेक्टवाला झालो. म्हणजे पडद्यावर हिरो चालतो ती पावलं माझी, हिरॉइनच्या बांगड्या माझ्या, थप्पड पण माझी. इतकी वर्षं झाली, पडद्यावर नावांची पाटी येते तिच्यात माझं नाव कधी आलं नाही, आमचं येतच नाही. आणि मग हा साहेब आला, शाळेच्या मुलांसाठी समुद्रावर छोटी फिल्म केलेली, म्हणाला, आवाज झकास करून दे, तुझं नाव टाकतो. मी बायकोला सांगितलं, तिने अख्ख्या चाळीला सांगितलं.

फिल्ममध्ये देवमाशाची मादी आणि तिचं पिल्लू. पिल्लू भरकटतं, आई हाक मारते, ते परत येतं. चित्रं बाहेरदेशातून आणलेली, मुकी. मी घरचा तांब्याचा हंडा नेला, पाणी भरलं, ओला तळवा काठावर घासला, आमच्या परेराने, म्हणजे रेकॉर्डिस्टने, टेप अर्ध्या स्पीडने फिरवली, आणि काय सांगू, तोच आवाज, वल्ह्यातला, अंगावर काटा आला माझ्या. आधी आईची हाक, मग गप्प, कारण पिल्लू लांब आहे ना, हाक पोचायला नको? मग त्याचं बारीक उत्तर.

साहेब म्हणाला, हे काय पोट बिघडल्यासारखं, आणि मधे गप्प कशाला, पोरं बोंबलतील आवाज गेला म्हणून, एवढं मोठं जनावर आहे, हत्तीचा आवाज टाक. मी म्हटलं, साहेब, देवमासा बोलताना तोंड उघडत नाही, आतल्या आत घुमवतो, आणि पाण्याखाली हत्ती आला कुठून. तर विचारतो, तू शिकलास किती? मी म्हटलं, चौथी, पण तुमची फिल्म पण चौथीच्या पोरांसाठीच आहे ना. परेरा हसला, तिथेच वाट लागली. साहेब म्हणाला, हत्ती टाक नाहीतर नाव विसर. मी म्हटलं, विसरलो, आणि हंडा उचलून बाहेर पडलो.

बायकोला परत अख्ख्या चाळीत सांगत फिरावं लागलं, नाव येणार नाही म्हणून. वाईट वाटलं का विचाराल तर वाटलं, खूप वाटलं, खोटं कशाला बोलू, नाव बघायचं होतं मला पडद्यावर. पण खोट्या आवाजाखाली माझं नाव, ते नको. स्टुडिओने दोन महिने बोलावलं नाही, मग आले झक मारत, माझ्यासारखी थप्पड दुसऱ्या कोणाला जमते? अजून तेच करतो. नाव नाही, नसू दे. साहेबाचंही भलं होवो.

ती फिल्म फिरत फिरत गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेत आली, तिसरीत आहे ती. हंड्यावरचा माझा आवाज तिने घरी शंभरदा ऐकलेला. दप्तर पाठीवरच ठेवून दारात उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, सगळ्या मुली टाळ्या वाजवत होत्या, पण ते पिल्लू परत आलंच कसं, त्याला तर आईची हाक कळलीच नसणार.

मी म्हटलं, कशी कळेल गं, बोलवत होती ती हत्तीण.