उचल, फिरव, आपट

पुरवणी जबाब

मी खाली सही करणारी, वय ५८ वर्षे, धंदा – पोहणे, सायकल व धावणे या तिहेरी शर्यतीचे प्रशिक्षण देणे, राहणार तरण तलावाच्या मागची गल्ली, पहिला मजला, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब लिहून देते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते व लोक मला बाई म्हणतात. माझ्याकडे लहानमोठे बरेच जण शिकतात, परंतु शर्यती हाच ज्याचा पोटापाण्याचा धंदा, असे माझ्या हाताखाली एकच माणूस आहे. तिला मी बेडकी म्हणते. लहानपणी ती तलावाच्या पायरीवरून घसरून पाण्यात पडली आणि भोकाड पसरायचे सोडून पाय मारत थेट पलीकडच्या काठाला लागली, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे.

बेडकीच्या नवऱ्याचे चौकात चष्म्याचे दुकान आहे, म्हणून मी त्याला चष्मेवाला म्हणते. जबाबात असे लिहिता येत नाही, असे हवालदारांनी सांगितले. मग जबाबही तुम्हीच द्या, असे मी त्यांना सांगितले.

परवा मी याच ठाण्यात तक्रार दिली की, चष्मेवाल्याने बेडकीच्या सायकलचे बोल्ट मुद्दाम ढिले करून तिच्या जिवाला धोका निर्माण केला. त्यावरून त्याला आज सकाळी बोलावून आणले असून तो बाहेर बाकावर बसलेला आहे. सदर जबाब त्याच तक्रारीच्या अनुषंगाने देत आहे.

साहेबांनी हिवाळ्यातल्या सरावाबद्दल विचारल्यावरून सांगते की, हिवाळ्यात शर्यती नसतात, त्यामुळे खेळाडू पांघरुणात लोळत असतील असे लोकांना वाटते. खरे तर मोसमात जे ताटात पडते ते हिवाळ्यात शिजते. सकाळी तलावावर पाण्याची वाफ दिसत असते, तेव्हा पोहायचे. त्यानंतर घरात मधल्या खोलीत सायकल स्टँडवर चढवायची आणि भिंतीकडे तोंड करून पाय मारत राहायचे. खाली वर्तमानपत्र पसरलेले असते, ते घामाने भिजून फरशीला चिकटते. संध्याकाळी धुक्यात लांबवर, पण सावकाश धावायचे. हिवाळ्यात जोर लावायचा नसतो, साठवायचा असतो. थंडी ओसरायला लागली की मात्र मी चाचण्या घेते, म्हणजे किती साठले ते कळते आणि पहिल्या शर्यतीला नाव द्यायचे की नाही हे ठरते.

बेडकीने हे सगळे कधी कुरकुर न करता केले. एकदा पाण्यातून बाहेर आली तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते, दात वाजत होते. मी टॉवेल टाकला तर म्हणाली, "बाई, हिवाळा संपूच नये असं वाटतं." मी हे वाक्य तलावावर ज्याला त्याला ऐकवले. आजकालच्या आळशी पोरांना तर मुद्दाम ऐकवले. मेहनत म्हणतात ती हिला, असे मी सांगत असे.

चष्मेवाल्यावर माझे पहिल्यापासून बारीक लक्ष होते. तो कमी बोलतो. कमी बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही, कारण बोलणारा निदान बोलता बोलता कुठेतरी सापडतो. एकदा मी त्यांच्या स्वयंपाकघरात बेडकीसाठी उकडलेले बटाटे तोलून ठेवत होते. तेव्हा त्याने मला विचारले, "बाई, अजून किती वर्षं?" ते तिने ठरवायचे, असे मी म्हणाले. "हो, तिनेच," एवढे म्हणून तो चष्मा पुसत बसला. त्याला बायको घरी बसवायची आहे, अशी मी त्याच दिवशी मनाशी खूणगाठ बांधली.

थंडी ओसरू लागल्यावर पुढील गोष्टी घडल्या. तळ्यात पोहण्याची चाचणी ठरली होती, तिच्या आदल्या दिवशी बेडकीचा पोहायचा रबरी सूट बगलेत फाटला. फाटला म्हणजे उसवला नव्हता, सरळ रेषेत गेला होता. रबर असे आपोआप जात नाही. पुढे धावण्याची चाचणी होती, त्या सकाळी तिच्या बुटांच्या आतल्या गाद्या गायब होत्या. त्या नंतर कपडे धुण्याच्या मशीनमागे सापडल्या. घरात उंदीर फार झालेत का, असे मी चष्मेवाल्याला त्याच्या डोळ्याला डोळा देऊन विचारले. तो म्हणाला, "बघतो."

एकदा झाले तर अपघात म्हणता येतो. परंतु दोन्ही वेळा चाचणीचाच मुहूर्त कसा साधला जातो, याचा मी विचार केला. चाचण्यांचे वेळापत्रक त्यांच्या फ्रिजच्या दारावर लावलेले होते व ते घरात दोघेच वाचत होते. हे वाक्य मी परवाच्या तक्रारीतही जसेच्या तसे लिहून दिलेले आहे.

घटनेच्या आदल्या संध्याकाळी मी बेडकीच्या घरी जाऊन सायकल स्वतः तपासली. हँडलच्या मानेचे दोन बोल्ट मी माझ्या पान्याने आवळले. पुरेसे आवळले गेले की हा पाना कट्ट असा आवाज करतो. तो आवाज मी दोन्ही बोल्टना ऐकला. नंतर सायकल रात्रभर मधल्या खोलीत होती व घरात नवराबायको सोडून तिसरे कोणी नव्हते.

सकाळी आम्ही धरणाच्या माथ्यावर गेलो. चष्मेवाल्याचे दुकान त्या दिवशी बंद असते, म्हणून त्याने सायकल गाडीत घालून आणली व मी माझ्या स्कूटरवरून गेले. पळत येऊन सायकलवर बसण्याचा सराव आधी करायचा आणि मग उतारावर चाचणी घ्यायची, असे ठरले होते. सरावाचे चित्रीकरण मी फोनवर करत होते. त्यानंतर बेडकी उताराला लागली व मी स्कूटरवरून मागे निघाले.

पहिल्याच वळणावर तिचे हँडल वळले, पण चाक सरळच राहिले. ती रस्त्याच्या कडेला पडली. तिच्या खांद्याजवळचे हाड मोडले व हनुवटीला टाके पडले. मी सायकल बघितली तेव्हा हँडलच्या मानेचे दोन्ही बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होते. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिला मी माझी पोरगी मानते, ती नुसती म्हणायची म्हणून नाही.

दवाखान्यात चष्मेवाल्याने कसे झाले, का झाले, असे काहीही विचारले नाही. तो फक्त एवढेच म्हणाला, "बाई, आता तरी तिला झोपू द्या." ज्याला काही विचारावे लागत नाही त्याला सगळे आधीच माहीत असते, असे समजून मी दवाखान्याच्या दारातून थेट ठाण्यात आले व तक्रार दिली. पोलिसांना त्याच्या दुकानातील खणात त्या बोल्टला बसणारा पाना मिळाला. तो दुकानातल्या काचेच्या मांडणीसाठी आहे, असे तो म्हणाल्याचे कळले. अशी थाप शाळेतले पोरही मारणार नाही, असे मी तेव्हा हवालदारांना म्हणाले होते. काल मी त्या दुकानासमोरून गेले, तेव्हा मांडणीकडे बघितले. तिला तसेच बोल्ट आहेत.

हवालदारांनी पुराव्यासाठी फोनवरील चित्रीकरण मागितले होते. ते देण्याआधी काल दुपारी मी घरी बसून बघितले. चष्मेवाल्याचा हात सायकलकडे जाताना कुठे दिसतो का, हे मला शोधायचे होते.

इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. सायकलवर बसण्याआधी माझ्याकडची सगळी पोरे तीन गोष्टी करतात. सायकलचे पुढचे चाक उचलायचे, ते फिरवून बघायचे आणि सायकल वीतभर वरून जमिनीवर सोडायची. उचल, फिरव, आपट. काही ढिले असेल तर आपटल्यावर ते खडखडते. सायकल स्वतःच्या तोंडाने सांगते, असे मी पोरांना शिकवते. बेडकी हे इतकी वर्षे करत आली आहे की तिला आता झोपेतून उठवले तरी ती आधी सायकल आपटेल.

चित्रीकरणात दिसते ते असे. बेडकीने चाक उचलले. फिरवले. मग चाक हळूच, अगदी झोपलेले मूल पाळण्यात ठेवावे तसे, खाली टेकवले. चष्मेवाला तिचे जाकीट हातावर घेऊन बाजूला उभा आहे. त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, "अगं, आपटायची राहिली." बेडकी त्याच्याकडे न बघता म्हणते, "राहू दे." त्याच वेळी माझाही आवाज आहे. ऊन वर येईल, चला, आटपा, असे मी ओरडत आहे. त्या दोघांचे बोलणे मला त्या वेळी ऐकू आले नव्हते.

हे मी पुन्हा पुन्हा लावून बघितले. ज्याने स्वतः बोल्ट ढिले केले, तो माणूस सायकल आपटून बघ, अशी आठवण करून देणार नाही. एवढी अक्कल मला आहे, जरा उशिरा आली तरी.

त्यानंतर मला वळणावरचेही आठवले. डोळ्यांनी ते मी त्याच दिवशी बघितले होते. वळणाच्या एका बाजूला दगडी भिंत आहे व दुसऱ्या बाजूला कापलेल्या गवताचा ढीग होता. बेडकीने वळण येण्याआधीच वेग कमी केला होता आणि ती गवताच्या बाजूला गेली होती. आमच्या सायकलींचे बूट पायडलमध्ये अडकलेले असतात व अचानक पडणारा माणूस पायडलसकट पडतो. तिचा डावा पाय पडण्याआधीच मोकळा होता.

फ्रिजवरचे वेळापत्रक घरात दोघेच वाचत होते, असे मी म्हटले होते. त्या दोघांपैकी एकाचेच नाव मी तक्रारीत घातले.

आज सकाळी ठाण्यात येण्याआधी मी दवाखान्यात गेले होते. तिथे काय बोलणे झाले ते लिहू नका, अशी मी विनंती केली. थोडेतरी लिहावे लागेल, असे साहेबांनी सांगितल्यावरून सांगते की, मी बेडकीला एकच प्रश्न विचारला. सायकल का आपटली नाहीस?

 ती म्हणाली, "आपटली असती तर तुम्हाला ऐकू गेलं असतं."

मी म्हणाले, "मग तोंडाने सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं, बाई. सराव मला आवडतो, तुमच्याबरोबर पोहायला आवडतं. शर्यत नको वाटते, पोटात गोळा येतो, हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, थंडीने होतं तसं."

तसे मी म्हणाले होते. दोन्ही वेळा म्हणाले होते.

नवऱ्याला हे कधी कळले, असे मी तिला विचारले. तिने सांगितले की, त्या दिवशी वळणावर धावत येऊन त्याने सायकल उचलली, तेव्हाच त्याला कळले. त्याने तिला जाब विचारला नाही. तिला सुचेल तेव्हा ती स्वतःच बाईंना सांगेल, आपण मध्ये पडायचे नाही, एवढेच तो म्हणाला. त्यानंतर बायकोला मारायला निघाला होता, असा आरोप मी त्याच्यावर केला. चौकात त्याच्या दुकानाबद्दल लोक काय बोलतात ते मी कानांनी ऐकले आहे. तो दोन दिवस ते सगळे ऐकून घेत आहे आणि खरे काय ते एका वाक्यात सांगून मोकळा झालेला नाही. या माणसाला मी घुम्या म्हणत आले.

मग बोल्ट कोणी ढिले केले, असे साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, त्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. चष्मेवाल्याने केले नाहीत, एवढेच सांगते. स्वतःच्या घरात स्वतःच्या सायकलचा बोल्ट ढिला करणे कोणत्या कलमात बसते, असे मी साहेबांना उलट विचारले. साहेबांनी टेबलावरचा कागद सरळ केला व हवालदारांना पुढे लिहा म्हणून सांगितले.

खोटी तक्रार दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते, याची समज मला देण्यात आली. ती मला मान्य आहे. दुकानातून आणलेला पाना ज्याचा त्याला परत द्यावा. पहिल्या शर्यतीसाठी मी बेडकीचे नाव दिले होते, ते आज सकाळी फोन करून काढून घेतले. ती पुढे शर्यती करणार की नाही, असे हवालदारांनी सहज विचारले. मला माहीत नाही. खांदा बरा झाला की पोहायला ये, एवढे मी तिला म्हणाले आहे. घड्याळ लावणार नाही, असेही म्हणाले. त्यावर ती हसली. हनुवटीचे टाके ओढले गेल्यामुळे तिला ते दुखलेही.

माझी चष्मेवाल्याविरुद्ध अथवा इतर कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. त्याला आता घरी जाऊ द्यावे. तो माझ्या स्कूटरवर बसायला तयार असेल तर मी त्याला दवाखान्यापर्यंत सोडेन. मला त्याला जे सांगायचे आहे ते या कागदावर सांगण्यासारखे नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी मध्ये एकदाही न बोलता तो शेवटपर्यंत ऐकला. तो खरा आहे.