भिकेची बहीण

सासरे : पुन्हा एकदा. मी बाहेरून येतो, तू काउंटरमागे उभी राहा. आणि हसू नकोस.

सून : बाबा, तुम्ही तो बायकी आवाज काढलात की हसू येतंच.

सासरे : गिऱ्हाईक कुठल्याही आवाजात येतं. हं. अहो बाई, ही बघा शाळेची बॅग. नुसता एक टाका घालायचाय. उभ्याउभ्या होईल ना?

सून : होईल की. द्या इकडे.

सासरे : झालं. दुकान उघडायच्या आधीच बुडालं.

सून : एकच टाका तर होता!

सासरे : बघितलंस का उघडून? आतलं अस्तर फाटलंय, पट्टा सुटत आलाय, आणि मागे चार माणसं ताटकळत उभी आहेत. गेल्या वेळी घरी काय झालं? अख्ख्या बिल्डिंगच्या बॅगा आपल्या दिवाणाखाली. कुणाला नाही म्हणाली होतीस तू?

सून : कुणालाच नाही. शेवटी पाठ धरली आणि मशीनवर चादर पडली. माहीत आहे मला. कानातले मोडून घेतलीय ही जागा, बाबा. या वेळी तसं झालं तर पुन्हा मशीनला हात लावायची हिंमत व्हायची नाही माझी.

सासरे : म्हणून तर घसा कोरडा करतोय. भीड ही भिकेची बहीण. जन्मभर कुलपांचं दुकान चालवलं मी, ते काय उगाच? आधी भाव सांगायचा, मग कामाला हात लावायचा. आणि 'द्या तुम्हाला काय द्यायचं ते' हे तर तोंडातून काढायचंच नाही.

सून : ओळखीचं माणूस समोर असलं की नेमकं तेच निघतं.

सासरे : ओळखीच्यालाच तर नीट सांगायचं. अनोळखी माणसाला भाव जास्त वाटला तर तो पुढच्या दुकानात जातो, विषय संपला. ओळखीचा फुकट करून नेतो, आणि वर आणखी दहा ओळखीचे पाठवतो. तारीख द्यायची तीसुद्धा एक दिवस पुढची. काम लवकर झालं तर गिऱ्हाईक खूश.

सून : आणि नाही झालं तर बोलणी खायला नकोत.

सासरे : शहाणी आहेस. आणखी एक. गल्ल्यातून घरखर्चाला पैसे उचलायचे नाहीत. माझ्या पोराने मागितले तरी.

सून : तुमचं पोर दुधाचे पैसेसुद्धा माझ्याकडे मागतं.

सासरे : तेच म्हणतोय मी. महिन्याला स्वतःला पगार घे आणि त्यातून दूध आण, नाहीतर म्हैस आण. हं, चल पुन्हा. अहो बाई, ही बॅग—

शेजारीण : आहे का कुणी? अगंबाई, छान लावलंय की दुकान. भाऊ, तुम्हीपण इथेच?

सासरे : या वहिनी, या. उद्यापासून सुरू होतंय.

शेजारीण : मग मीच पहिली. ही माझी प्रवासाची बॅग. चेन मध्येच अडकते आणि एक चाक रुसलंय. तशी बहिणीकडे पुढच्या आठवड्यात जायचंय, पण म्हटलं शुभस्य शीघ्रम्. संध्याकाळपर्यंत होईल ना, भाऊ?

सासरे : न व्हायला काय झालं? ठेवा इथे. घरचंच दुकान, तुमच्याकडून काय घ्यायचं?

सून : काकू, द्या बरं इकडे, बघते. रनर झिजलाय चेनचा, बदलावा लागेल. आणि हे चाक आता दुरुस्त होणारं नाही, नवीनच घालते. परवा संध्याकाळी मिळेल. दोन्ही मिळून तीनशे.

शेजारीण : भाऊ तर आजच म्हणाले.

सून : काम मी करणार आहे ना, काकू.

शेजारीण : आणि तीनशे? माझ्याकडून? तुझी लेक तापाने फणफणली होती तेव्हा तिच्या उशाशी कोण बसलं होतं गं?

सून : तुम्ही. ते मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही कधीही हाक मारा, असेन तशी धावत येईन. पण दुकानात तुमच्याकडून घेतले नाहीत, तर दुसऱ्याकडे कोणत्या तोंडाने मागू?

शेजारीण : बाई बाई, चांगलीच तयार झालीस की. ठेव मग. पण परवा म्हणजे परवा हं. येते, भाऊ.

सासरे : शाबास! आवाजसुद्धा हलला नाही तुझा.

सून : ओढणी पार चुरगळून टाकली मी. काउंटरमागे दिसलं नाही, इतकंच. आणि बाबा, तुम्ही 'ठेवा' काय म्हणालात?

सासरे : निघून गेलं गं तोंडातून.

सून : आई म्हणायच्या ते खोटं नाही. आयुष्यभर कुलपं विकली, पण स्वतःच्या तोंडाला एक बसवता आलं नाही.

सासरे : ती असती तर आत्ता तुझ्यादेखत चिमटा काढला असता. बरं, उद्यापासून सांभाळून बोलेन. ही माझी खुर्ची इथे दाराशी टाकतो. गिऱ्हाईक मी बघतो, तू मागे निवांत मशीनवर बस.

सून : नको, बाबा.

सासरे : मग आत टाकू?

सून : खुर्चीच नको. तुम्ही दुकानात बसू नका.

(सासरे खुर्चीची घडी घालतात, पुन्हा उघडतात.)

सासरे : अडचण होईल माझी?

सून : काकूंनी आल्यापासून माझ्याकडे बघितलं तरी का? सगळं भाऊ आणि भाऊ. तुम्ही पुढे बसलात की हे दुकान तुमचं होईल. यात तुमची चूक नाही, तुम्हाला सगळं गाव ओळखतं. पण मग मला कधी ओळखायचं लोकांनी?

सासरे : मी एक शब्द बोलणार नाही.

सून : बाबा.

सासरे : हो, ते काही जमायचं नाही. पण मग दुपारी घरात मी करू काय, ते सांग. पोरगी शाळेत, तो ऑफिसात, तू इथे. तुझी सासू गेल्यापासून दुपार सरता सरत नाही. खरं सांगू? या दुकानाची वाट तुझ्यापेक्षा मीच जास्त बघत होतो.

सून : ठाऊक आहे मला. म्हणून तर इतके दिवस सांगायचं टाळत होते. काकूंना नाही म्हणणं सोपं होतं. तुमच्याइतकं माझ्या पाठीशी कुणी उभं राहिलं नाही, माझ्या माहेरचंसुद्धा. तुम्हाला नाही म्हणणं फार जड जातंय. पण आज बोलले नसते तर पुढे कधीच बोलले नसते.

सासरे : हं. मला आवडलं नाही. पण खरं आहे.

सून : संध्याकाळी या ना, बंद करायच्या वेळी. हे शटर मला एकटीला ओढवत नाही. मग दोघं चालत घरी जाऊ. दिवसभरात काय झालं ते मी सांगेन, माझं काय चुकलं ते तुम्ही सांगा.

सासरे : किती वाजता?

सून : सातला.

सासरे : आणि पाचलाच येऊन बसलो तर?

सून : तर बाहेर पायरीवर बसा. चहा बाहेर पाठवीन.