खवचट मास्तर आणि वाकडा दात

—आ करा. अजून मोठा. हं, असंच राहू द्या, आता बोलायचं नाही, गालात कापूस आहे आणि जीभ भुलीत आहे. बोलायचं काम माझं. तर काय म्हणत होते मी — दर रविवारी पेपरात येतो तो खवचट मास्तर तुम्ही लिहिता! तुम्ही! आणि हे मला कळतं कधी, तर तुमची दाढ किडल्यावर! बरं झालं किडली. म्हणजे — वाईटच झालं, पण बरं झालं. घाबरू नका, हात माझा स्थिर असतो, तोंडच तेवढं सुटलंय आज. मला एकच विचारायचंय — मास्तर खरंच तसा आहे का हो, कुणाचं काही न वाटणारा? की आतून हळवा आहे? नाही, मान हलवू नका, यंत्र चालू आहे.

आमच्या घरी यावरून भांडण आहे. आई म्हणते, त्या माणसाच्या जिभेला हाड नाही आणि काळजाला पाझर नाही. शाळेचा म्हातारा शिपाई निवृत्त झाला, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि हा काय म्हणतो? चला, उद्यापासून घंटा वेळेवर होईल. आई म्हणाली, बघ, माणूस आहे का कोण! मी म्हटलं, आई, पुढचा रविवार वाच ना. नवा शिपाई घंटा वेळेवर देतो, आणि मास्तरचं घड्याळ मात्र मागेच — बरोबर त्या म्हाताऱ्याच्या उशिराएवढं मागे. का? तर आई म्हणते, दुरुस्तीचा कंजूसपणा. आता काय बोलायचं? लोक म्हणतात, वरून काटे, आत गरे — अहो, पण काही फणस आतूनही कच्चेच निघतात, कापल्याशिवाय कळणार कसं? आणि कापायचा तर आधी घरी आणावा लागतो ना! — हसू नका, पाणी घशात जाईल.

का विचारते म्हणाल, तर — सहज. उगीच. म्हणजे आमचे एक कवळीवाले आहेत. मी तोंडाचं माप पाठवते, ते कवळी करून आणतात. अगदी तुमचा मास्तर! एकदा माप बघून म्हणाले, डॉक्टरीणबाई, हा पेशंट आहे की घोडा? मागे एका आजींची कवळी आली, तर समोरचा एक दात वाकडा. मी तशीच परत पाठवली, वर निरोप — नजर तपासून घ्या. तर तीच कवळी पुन्हा हजर, दात वाकडाच! मी फणकारतच बसवून बघितली, आणि आजींचे यजमान, खुर्चीशेजारी उभे होते ते, एकदम स्टुलावर बसले. म्हणाले, “ही आली बघा. ही लग्नातली.” ह्या कवळीवाल्या बाबानं आजींच्या घरी जाऊन लग्नातला जुना फोटो मागून घेतला होता, मला पत्ता नाही. विचारलं तर म्हणे, नवऱ्याला बायको ओळखू आली नाही तर बिल कोण देईल? असं बोलतात! आणि मला तेव्हा इतकं भरून आलं होतं की — जरा डावीकडे वळा.

तर गेल्या महिन्यात हे कवळ्यांचा डबा टेबलावर ठेवून म्हणतात, “तुमचे दात आणि माझी जीभ एका घरात नांदतील का?” आता हे काय विचारणं झालं? मागणी होती की टिंगल? आणि मी काय केलं असेल? माझी जीभ तरी कुठे कमी — मी म्हटलं, “हमी किती वर्षांची?” हसले. खूप हसले. आणि तेव्हापासून डबा घेऊन त्यांचा माणूस येतो, ते येत नाहीत. मग खवचट कोण ठरलं? मीच ना? रडले मी, तुम्हाला म्हणून सांगते, आईलासुद्धा बोलले नाही. आणि आज सकाळी फोन — कवळी मीच घेऊन येतो, माणूस रजेवर आहे. अहो, रजेवर कुठला! येताना चौकात चहा पीत उभा होता तो, मला नमस्कारही केला! म्हणून म्हटलं, हात स्थिर आहे माझा, पण बाकीचं काही विचारू नका.

झालं. कापूस काढते. आता सांगा — मास्तरला विनोद न करता एकच वाक्य बोलायचं असतं, तर काय बोलला असता? — काय? — पुन्हा? — छे, काही कळेना, भूल उतरायचीय अजून. राहू दे. मला वाटतं तुम्हालाही माहीत नसेल. माहीत असतं तर कधीच वदवून घेतलं असतंत की त्याच्याकडून. चूळ भरा. भूल उतरेपर्यंत काही खाऊ नका, गाल चावला जाईल — थांबा, बेल वाजली.

या. आत या ना. — डबा नंतर बघू. — नाही, आधी माझं ऐका, मध्येच हसवू नका. तुम्ही मागे विचारलंत, तर मी हमी विचारत बसले. हमी नको मला. तुम्ही हवे आहात. — डोळे का पुसताय? — धूळ गेली डोळ्यात? इथे कुठली आलीय धूळ?

लेखकमहाशय, तुम्ही अजून इथेच? निघा आता. आणि जाताना दार ओढून घ्या.