डोळे मिटून केलेलं भांडण

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न, आणि उत्तर मनातच द्या. मोठ्यानं दिलंत तर घरी गेल्यावर पंचाईत! मनाला शांती मिळावी म्हणून आपण वर्षानुवर्षं प्रार्थना करतो, आणि शांती काही येत नाही. का बरं? प्रभू देत नाही? की आपण तोंडानं मागतो एक, आणि पोटात असतं भलतंच?

नेवाशाकडं बेलखंडी नावाचं गाव. तिथं एस्तेरबाई पारखे. मिशनच्या शाळेत तीस वर्षं मास्तरीण. निवृत्त झाल्या शाळेतून, शिकवण्यातून नाही! भिंतीभिंतीवर वचनांची कॅलेंडरं, वर्षाला दोन कन्व्हेन्शनं, म्हणजे उपदेशाचे मोठे मेळावे, एकवीस दिवसांचे उपास—चहा, खारी आणि केळी धरून! आणि एवढं करून बाईंच्या डोळ्याला डोळा लागत नाही. अन्न गोड लागत नाही, छातीत सारखी धडधड. बाई म्हणायच्या, "सैतानाचे हल्ले!" बिचारा सैतान! त्याला बेलखंडीत यायची गरजच नव्हती. त्याचं काम तिथं दर बुधवारी दुपारी चारला व्हायचं, महिला मंडळाच्या प्रार्थनासभेत!

एस्तेरबाईंची थोरली जाऊ, दीनाबाई. शेजारचंच घर, मधे एक भिंत. दोघींत अकरा वर्षं बोलणं नाही. पण दोघी पडल्या भाविक! उघड भांडलं तर साक्ष बिघडते, लोक विश्वासाला नावं ठेवतात. मग डोळे मिटायच्या, हात जोडायच्या आणि—

"हे दयाळू पित्या," एस्तेरबाई सुरू, "या खोलीत एक बहीण आहे. मी नाव घेत नाही. तिच्या दाराला हिरवा रंग आहे, तू जाणतोस. तिची जीभ ताब्यात घे, बापा!"

बायका म्हणायच्या, "आमेन!"

लगेच दीनाबाई: "हे प्रभू, काही बहिणी लई शिकलेल्या असत्यात. तुला बी शिकवायला कमी करत न्हाईत. त्यांना नम्र कर. जमलं तर याच आठवड्यात कर!"

"आमेन!" अहो, त्याच बायका! दोन्हीकडं आमेन! आणि प्रभू? त्याच्याशी कुणी बोलतच नव्हतं, मंडळी. पाकिटावर नाव त्याचं, आत पत्र जावेला! आणि शेवटी दोघी काय मागायच्या? "मला तुझी शांती दे." देईल हो! पण ठेवता कुठं? जागा आहे का रिकामी?

मग एक झालं. एस्तेरबाईंच्या स्वरयंत्राला सूज आली. डॉक्टरनं बजावलं, "महिनाभर एक शब्द नाही. बोललात तर आवाज कायमचा जाईल." बाई घरी येऊन रडल्या. आजाराला नव्हे हो! बुधवार तोंडावर आला होता!

त्या बुधवारी त्या सभेला गेल्याच नाहीत. चार वाजले, सवयीनं गुडघे टेकले, डोळे मिटले आणि मनातच सुरुवात केली: 'हे दयाळू पित्या, या खोलीत एक बहीण आहे...'

आणि थांबल्या. खोलीत बहीण एकच होती!

आमेन म्हणायला कुणी नाही, टोमणा झेलायला कुणी नाही. समोर फक्त ख्रिस्त, आणि त्याला हिरव्या दाराची माहिती नको होती. पोरांना उभं करून "बोल, गप्प का?" म्हणणारी ही बाई, आज तिलाच कुणीतरी विचारत होतं. आणि अकरा वर्षं दाबून ठेवलेलं वर आलं.

काय होतं ते? सासू अंथरुणाला खिळली, तेव्हा चार महिने तिचं हागणं-मुतणं दीनाबाईंनी काढलं. एस्तेरबाई रविवारी यायच्या, संत्री ठेवायच्या, एक गीत म्हणायच्या आणि निघायच्या. आणि मातीच्या दिवशी, सगळ्या मंडळीदेखत म्हणाल्या, "पाठीला जखमा झाल्या होत्या आत्याबाईंच्या. करणारीनं नीट केलं असतं, तर जगल्या असत्या." खोटं होतं. बोलतानाच त्यांना ठाऊक होतं, खोटं आहे. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं.

हसू नका आता. मलाही इथं हसवत नाही.

'प्रभू, मी खोटं बोलले. मला लाज वाटते.' बस, एवढीच प्रार्थना. अकरा वर्षांतली पहिली! प्रभूनं क्षमा केली—ती तर त्यानं क्रुसावरच करून ठेवलीय. पण तो बाईंना स्वस्थ बसू देईना. ऊठ, म्हणे. भिंतीपलीकडं जा!

मास्तरीणच ती! कागद घेतला, समास सोडून सुवाच्य अक्षरात चार ओळी लिहिल्या. दीनाबाई सभेहून परतल्या तशा त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि कागद पुढं केला.

दीनाबाईंनी तो उलटसुलट केला. "मोतीबिंदू झालाय मला. दिसत न्हाई. काय असंल ते तोंडानं सांग."

आता? डॉक्टरचं ऐकायचं की प्रभूचं? एस्तेरबाईंनी जावेकडं उघड्या डोळ्यांनी बघितलं आणि फाटक्या घशातून शब्द काढले, "अक्का, आत्याबाईंचं सगळं तू केलंस. मातीच्या दिवशी मी खोटं बोलले. चुकलं माझं."

दीनाबाईंनी कागदाची घडी घातली, कमरेला खोचली. मग म्हणाल्या, "अकरा वर्षं माझी गाऱ्हाणी देवाकडं नेलीस, एस्तेर. हे एवढं मला सांगायला एक भिंत तर वलांडायची व्हती."

आणि गळ्यात पडल्या? छे, छे! ते सिनेमात! आत घेतलं, खाटेवर बसवलं, गरम पाणी दिलं, आणि अकरा वर्षांचं एकेक काढून बोलायला लागल्या. एस्तेरबाईंना उत्तर देता येत नव्हतं, आणि नवल म्हणजे द्यावंसंही वाटत नव्हतं. छातीतली धडधड थांबली होती. ऐकता ऐकता बाई भिंतीला टेकल्या, आणि घोरायला लागल्या!

"ऐकती का न्हाई?" दीनाबाई खेकसल्या. मग त्यांच्या अंगावर गोधडी घातली आणि राहिलेलं हळू आवाजात बोलत बसल्या.

आवाज? पहिला होता तो गेलाच. घोगरा राहिलाय. लांबलचक प्रार्थना आता होत नाहीत. झोप मात्र लागते!

तर मंडळी, शांती द्यायला प्रभू केव्हाचा उभा आहे. आपणच त्याला निरोप्या करून ठेवलंय. आता शेवटची प्रार्थना मी सांगणार होतो. नाही सांगत! आज इथं येताना तुमच्यातले काहीजण वळसा घालून मागच्या दारानं आलात, कारण पुढच्या दारात नको ते माणूस उभं होतं. मी बघत होतो! पेटीवर सूर धरलाय, तो थांबवा. डोळे मिटू नका. उठा, आणि ज्याच्याकडं जायचं त्याच्याकडं जा. मी बसतो इथं. मला घाई नाही, प्रभूलाही नाही. वय तुमचं चाललंय.