विभूतीची बोटं

शिरूर कासारच्या स्टँडवर सत्यभामाबाई बीडच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारबा होते. त्यांची लेक नुकतीच बीडहून उतरली होती, काखेत फडक्यात बांधलेली जुनी पोथी घेऊन.

"पोथी बघून काय म्हणले कालिजातले सर, पोरी?"

"पाचशे वर्सांची हाय म्हणले, आप्पा. पण अक्षरं पार पुसलीत."

"कावून?"

"दर सोमवारी आपुन एक पान उघडून ओल्या विभूतीची तीन बोटं ओढतो न्हवं."

"माज्या आज्यापासून ओढतो."

"त्यानंच."

"समदी गेली?"

"शेवटचं पान राह्यलं. ते उघडलं की पोथी सरती म्हणून आपुन कवाच उघडलं न्हाई."

"त्यात काय हाय?"

"लिहिणाऱ्यानं लिवलंय, मठात शिकताना तीन पावसाळे बसून मी ही नक्कल केली. ज्याच्या हाती लागंल त्यानं हिला पुजू नये. कुनाला तरी वाचून दाखवावी."

म्हातारबांनी आपल्या बोटांकडे बघितलं.

"मंग दाखव वाचून."

"आता काय वाचू, आप्पा? एवढंच उरलंय."

"तेवढंच वाच. मोठ्यानं वाच."

लेकीनं फडकं सोडलं.

बीडची गाडी लागली. सत्यभामाबाई जागच्या उठल्या नाहीत.