काटासाहेबांच्या गाडीतली हवा

— अहो, राग मानू नका भाऊ. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही नेलं आमच्या ह्यांनी तुमचं मीटर — म्हणजे अविश्वासच आहे, पण तो तुमच्या एकट्यावर नाही, सगळ्या जगावर आहे. समोरच्या पंपावर जातील, तिथल्या मीटरशी तुमचं हवेचं मीटर ताडून बघतील, तिथल्या पोराला चार शब्द सुनावतील आणि मग येतील. टेका तुम्ही त्या जुन्या टायरवर, मी बसते इथे गाडीच्या पायरीवर. आयुष्य गेलं आमच्या ह्यांचं वजनमाप खात्यात, निरीक्षक होते. बाजारात शिरले की दुकानदार एकमेकांना खुणा करायचे — काटासाहेब आले, काटासाहेब आले! — पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा म्हणू नका, मापाला मुद्दाम पाडलेला पोचा म्हणू नका, ह्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. आणि आता बघा. तुम्ही काय म्हणालात? एवढंच ना, की साहेब, आधी गाडी शेजारच्या वजनकाट्यावर घाला, वजन कळू दे, मग हवा किती ते सांगतो — तर केवढे भडकले! मला वजन शिकवता? मला अंदाज आहे! लोकांनी अंदाजाने साखर विकली म्हणून दंड ठोकला ह्या माणसाने, आणि स्वतःच्या घराचं वजन अंदाजाने. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

हो, घरच म्हणायचं. दिसायला गाडी दिसते, पण आत ओटा आहे, पलंग आहे, न्हाणीघर आहे — कपाटाएवढं आहे, पण आहे. निवृत्त झाले, राहतं घर विकलं आणि हे फिरतं घर दारात आणून उभं केलं. म्हणाले, रोज सकाळी खिडकीत नवा देखावा! देखावा असतो, खोटं कशाला बोलू, फक्त तो वर-खाली उड्या मारत असतो. कारण हवा. टायरच्या अंगावर जो सगळ्यात मोठा आकडा छापलाय ना, तेवढी हवा, सगळ्या चाकांना, पुढच्या-मागच्या, हलक्या-भारी, एका मापाने. दगड झालेत टायरचे. खडा आडवा आला तरी टाळूपर्यंत कळतं. दही विरजावं तर मुक्कामाला पोचेपर्यंत ताक. काचेचे पेले केव्हाच संपले. ह्यांची कवळी रात्री वाटीत ठेवतात ना, ती सकाळी गाडी सुरू झाली की आपली आपण बडबडायला लागते — ती तेवढी माझ्याशी बोलते. उपाय? केले की! शॉकअब्सॉर्बर बदलले, स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये रबर घातलं, मला ही जाडजूड गादी आणून दिली. सगळं केलं, पण हवा? हवा सोडायची नाही. ढिला टायर आणि ढिला माणूस म्हणे रस्त्यात दगा देतो. तुम्ही मघाशी सांगितलंत — तो आकडा रोज भरायचा नसतो, टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याची ती हद्द आहे, हवा ठरवायची ती अंगावरच्या ओझ्याप्रमाणे. ह्यांना पटलं नाही. मला ऐकताक्षणी पटलं. सोसायची हद्द आहे तीच रोजची सवय करून टाकली की काय होतं, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

काय म्हणालात? सामान किती आहे? हां, आता आलात मुद्द्यावर. ती डावीकडची पेटी उघडा बरं. उघडा हो, कुलूप नसतं तिला. काय दिसतंय? वजनं! लोखंडी वजनं, वीस किलोची, दहाची, पाचाची, खात्याने मोडीत काढली तेव्हा ह्यांनी मागून घेतली, निरोपाची आठवण म्हणून. लोक घड्याळ घेतात, शाल घेतात, ह्यांनी वजनं घेतली. महिन्यातून एकदा तेल लावून पुसतात. गाडी डावीकडे कलते असं तुम्ही म्हणालात ना, ती उगीच नाही कलत. आणि निघताना माझ्या सामानाला ताणकाटा लावला — खलबत्ता, जड, नको. पुस्तकं, जड, नको. पितळेचा डबा, तो माझ्या आईचा होता, तो नुसता हातात घेऊन नको म्हणाले. आणि माझी शिलाई मशीन. जुनी, ओतीव लोखंडाची, पायडलची. लग्नाच्या आधीपासून शिवते मी भाऊ, ह्यांच्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीचा सदरा मी शिवला होता. तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, हिचं वजन करायचीसुद्धा गरज नाही, विकून टाक.

विकली की. म्हणजे, विकली म्हणून सांगितलं. — हसू नका, पलंगाखाली आहे! पायडल वेगळं, फळी वेगळी, डोकं वेगळं, सगळं चादरीत गुंडाळून खोक्यात भरलंय आणि वर ‘जाड पांघरुणं’ असं लिहिलंय. निघालो तेव्हापासून काटासाहेब तिच्यावर झोपतायत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा. बोलले का मी हे? बोलले खरं. पण तुम्ही नाही बोलायचं.

तर आता धरा हिशेब. वजनं धरा, मशीन धरा, पाण्याची टाकी, गॅसची टाकी, दोन माणसं. किती येते हवा? दुसरं मीटर आहे ना तुमच्याकडे? मग काढा, हे येईपर्यंत आटपू. — नाही, थांबा. मशीन धरू नका. मशीन उद्या उतरणार आहे. उद्या दुपारी माझ्या धाकट्या बहिणीचं गाव लागतं वाटेत, तिची मागची खोली रिकामी आहे. खोलीच्या खिडकीतून काय दिसतं सांगू? एक पत्र्याची भिंत. गंजलेली. आणि परवाही तीच दिसणार, तेरवाही तीच दिसणार. तांब्या ठेवला की ठेवल्या जागी राहणार. धाकटीने कामंही बोलून ठेवलीत, शेजारणींचे पडदे आहेत, शाळेचे गणवेश आहेत. म्हणून मशीन तिथे ठेवायची. नुसती ठेवायची हो, दुसरं काय… आता मशीन काही आपली आपण चालत नाही, भाऊ. पायडलवर कुणाचे तरी पाय लागतातच. — तर दुसरं माणूसही धरू नका. मागच्या चाकांवरून मशीन कमी करा, माझी ट्रंक कमी करा आणि मला कमी करा.

एका माणसाने फारसा फरक पडत नाही? असं म्हणालात तुम्ही? वा! अगदी ह्यांच्या तोंडचं वाक्य बोललात. माझ्याकडे काय बघताय, चाकाकडे बघा.

नाही, भांडण नाही झालं. भांडायला दोघं लागतात, आणि हे तर पुढे गाडी चालवत असतात. गेल्या महिन्यात एक गतिरोधक आला, ह्यांना दिसला नाही, मी मागे पलंगावर पडले होते — ह्यांनीच सांगितलं होतं, पाठ दुखतेय तर पड जरा — आणि अशी उडाले भाऊ, की कपाटाच्या कडेवर खांदा आपटून खाली. श्वास घेता येईना. गाडी थांबली. मला वाटलं, आता येतील. दार उघडल्याचा आवाज आला, पुढचं. उतरल्याचा आवाज आला. आणि मग टक टक. टक टक. गाडीभोवती फिरत होते, एकेका चाकावर पान्याने ठोकून बघत होते. मी खाली पडल्यापडल्या ऐकतेय, एक चाक झालं, दुसरं झालं, आता माझी पाळी, आता माझी पाळी. सगळी चाकं झाली, मग दार उघडून डोकावले आणि म्हणाले, काही नाही झालं, हवा बरोबर आहे.

वाईट माणूस नाही हो. मारलं नाही, टाकून बोलले नाहीत, नंतर खांद्याला मलम लावून दिलं, तेही मोजून लावलं. पण त्या दिवसापासून मला त्या गाडीत घर म्हणून झोपच येत नाही. उद्या सांगणार आहे, बहिणीच्या दारात. भीती वाटते का? वाटते ना. रागावतील याची नाही वाटत. नुसतं ‘बरं’ म्हणतील आणि मशीनचं वजन विचारतील, याची वाटते.

सोडा हवा. मागच्या चाकांची आधी. — आहाहा, काय गोड आवाज आहे हा! हवा एका माणसापुरती ठेवा. आज एक दिवस थोडी कमी पडली तरी चालेल ना, सावकाश गेलं तर? ते कुठे जोरात चालवतात, बैलगाडीवाले हात दाखवून पुढे जातात. का म्हणजे? अहो, मी उतरले की मागचं ओझं हलकं होणार, आणि हीच दगडासारखी हवा राहिली तर ह्यांच्या मणक्याचे तुकडे होतील. मणक्याचं दुखणं त्यांनाही आहे, कुणाला सांगत नाहीत, गोळी मी पोळीबरोबर देते तेव्हा घेतात. प्रेम-बीम नका म्हणू उगीच. दुसऱ्या बाजूचंही तेवढंच करा. — आटपा, आले बघा, मीटर कसं धरलंय, जसं काही मेडलच मिळालंय.

आलात? काय म्हणतंय मीटर? बरोबर निघालं? घ्या भाऊ, पास झालात तुम्ही. — काही नाही हो, हवेचंच बोलत होतो आम्ही, मी दुसरं काय बोलणार. वाका, वाका, मोजा. मोजल्याशिवाय तुम्हाला चैन कुठली पडायला. काय झालं? कमी आहे? त्यांच्यावर कशाला ओरडताय, मी सांगितली तेवढीच ठेवलीय त्यांनी. गळत नाहीये कुठे, पुन्हा काय लावताय मीटर. उठा. इकडे बघा माझ्याकडे. हवा बरोबर आहे. एका माणसाची आहे.