बिनसहीचं विमान

—नाही नाही साहेब, आधी हात पुसा. तो नॅपकिन त्यासाठीच ठेवलाय. आत्ता चिवडा खाल्लात तुम्ही, आणि ह्या कागदांना तेलाचं बोट चालत नाही. मला काय विचारता कसं माहीत, उभा जन्म हेच ऐकण्यात गेला माझा — अगं हात धुतले का, अगं कडेनं धर, अगं श्वास नको सोडू त्याच्यावर. आमचे हे होते तोवर ही ट्रंक उघडायची म्हणजे घरात सोवळं. मी बाई गुलाबाच्या काट्यांत हात घालून जुड्या बांधणारी, फुलबाजारात पोतं अंथरून बसणारी — आणि माझ्या हातानं म्हणे कागद मळतो. काढा, सगळी काढा. न्या एकदाची. मला ह्या ट्रंकेत गोधड्या ठेवायच्यात.

पण कोण घेतं हो असलं? तुम्ही घेता, ते दिसलंच, मुंबईहून गाडी करून आलात. पण का? देव नाही, डोंगर नाही. विमान. ढगात एक विमान, आणि खाली पांढऱ्या पट्टीत शिसपेन्सिलीनं कोंबडी नाचल्यासारखी सही. भिंतीला लावायचं म्हटलं तर तेही नाही, उन्हानं रंग उडतो. म्हणजे लावायचं नाही, बघायचं नाही, नुसतं ट्रंकेत निजवायचं. माझी नणंद आहे, यशोदाबाई, साधी बाई — तिनं मायेनं एक उचलून नेलं आणि नाशिक रोडला जाऊन लॅमिनेशन करून आणलं. पाणी पडलं तरी पुसता येईल दादा, म्हणाली. दादा जेवले नाहीत त्या दिवशी. चित्र गुदमरलं म्हणे प्लास्टिकखाली. सख्ख्या बहिणीशी अबोला, एका कागदापायी. हे शहाणपण. आणि तुम्ही मान डोलवताय, म्हणजे तुम्हीही त्यातलेच.

ओझरला विमानांच्या कारखान्यात होते ना, रंगखात्यात. विमानाच्या अंगावरचे आकडे काढायचे. पुण्याला कोणी एक रिटायर अधिकारी होता, तो विमानांची चित्रं काढून मोजक्या प्रती छापायचा — त्या हे मागवायचे, दिवाळीला मला साडी नाही झाली तरी चालेल. मग तयार विमान न्यायला पायलट आले की हे गुंडाळी काखेत मारून, पेन्सिल कानाला लावून उभे. सही त्याचीच, जो ते विमान उडवतो. ते पायलट हसायचे म्हणे. कारभारी अण्णा, मी काय नट आहे का? आणि करायचे सही. पोरंच हो सगळी, मिसरूड फुटलेली. माझ्या ललितएवढी.

हो, ललित आमचा मुलगा. तोही विमानच उडवतो, आसामात असतो. आता लगेच सरसावून बसू नका. त्यानंच सांगितलंय, आई, विकून टाक सगळं, एकही ठेवू नकोस. म्हणून तर तुम्हाला बोलावलं, नाहीतर मला काय हौस.

ते का बाजूला टाकलंत? सही नाही म्हणून? नसणारच. ललित उडवतो ते विमान आहे ते. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा आपण होऊन बसला बापापुढे, म्हणाला, बाबा, आणा ते चित्र, करतो सही. ह्यांनी चित्र काढलं, पेन्सिल काढली, बघितलं पोराकडे — आणि अंगठ्यानं पेन्सिलीचं टोक मोडलं. म्हणाले, टोक नाही हिला. मी समोर होते, भाकरी थापत. पुढच्या सुट्टीला ललितनं पुन्हा विषय काढला, थट्टेतच, तर म्हणाले, सही मोठ्या माणसांची घेत असतात. मोठ्या माणसांची. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक पायलटपुढे वाकलेला माणूस, आणि पोटच्या पोराला हे. ललित उठून मळ्यात गेला. परत विषय नाही काढला. ह्यांच्या दहाव्याला गोदावरीवर उभा होता, डोळ्यांत टिपूस नाही. घरी आल्यावर म्हणाला, आई, मी त्यांना कधी पटलोच नाही. मी काय सांगणार? मलाही तसंच वाटायचं. आडमुठा माणूस. लय आडमुठा.

बरं, मघापासून बघतेय मी, तुम्ही दोन ढीग करताय. फोनवर कुणाला तरी नावं सांगताय आणि इकडे ठेवताय, तिकडे ठेवताय. ह्या ढिगातली चांगली आणि त्या ढिगातली मळकी, असं का? मग? — परत सांगा. नाही, कळलं मला, पण परत सांगा.

म्हणजे हे गेलेले. हे सगळे. आणि हे अजून आहेत.

आणि गेलेल्यांना भाव जास्त. का तर ते आता सही करणार नाहीत. आणि हे जे आहेत त्यांची स्वस्तात घेऊन ठेवायची — पुढे चढतात. आपोआप चढतात, म्हणालात ना तुम्ही? आपोआप.

थांबा जरा. पाणी पिऊ द्या मला.

एक फोन आला होता, बरं का. शेजारी खंडेरावांकडे, तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. कुठंतरी विमान पडल्याचं पेपरात आलेलं, पायलट गेला. आणि तुमच्यासारख्याच कुणाचा तरी फोन — कारभारी, त्याची सही आहे ना तुमच्याकडे, आता दुप्पट देतो. हे फोन ठेवून आले आणि ओट्यावर बसून राहिले. मी म्हटलं, द्या की, चांगलं गिऱ्हाईक आहे. त्यानंतर एक चित्र आणलं नाही घरात. मला वाटलं, सुटलं एकदाचं खूळ. ललित पहिल्या सुट्टीला आला तो त्यानंतरच. त्यानंतरच, साहेब.

सांगायला काय झालं होतं हो त्या माणसाला? एवढं तोंड दिलंय देवानं. पोराला जवळ घेऊन सांगता येत नव्हतं? नाही, हे टोक मोडणार. मोठ्या माणसांची म्हणणार, आणि पोरगं तेच उरात घेऊन विमानात बसणार. शहाणे. सगळे शहाणे. आणि शहाण्यांत शहाणे तुम्ही.

काय? — ललित पुढच्या सुट्टीला आला की ह्याच्यावर सही घ्या? मग हे चित्रही घेणार तुम्ही. बरा भाव देणार. आणि नेऊन काय करणार? ठेवणार. म्हणजे वाट बघणार. माझ्या तोंडाकडे बघून सांगा ना, कशाची वाट बघणार तुम्ही?

असू द्या. राहू द्या ते, मी उचलते. हात नका लावू, तेलाचे आहेत. गेलेले आणि राहिलेले असे नाही ठेवायचे, एकत्र होते तसे एकत्र ठेवायचे. हे बिनसहीचं सगळ्यांत वर. गोधड्या राहतील बाहेर, गोधड्यांना काय होतंय.

नाही, भावाचं नाही. भाव तुमचा चांगलाच असेल. मला फोन लावायचाय आसामला, लाईन लवकर लागत नाही, आणि लागली तरी काय बोलायचं ते अजून जुळवायचंय मला. तुम्ही निघा. फाटक ओढून घ्या जाताना, गाय शिरते फुलांत.

आणि ती पेन्सिल ठेवा खाली. तुमची नाही ती, ट्रंकेतलीच आहे. — नाही, टोक नका काढू तिला.